चहामळ्यातला दसरा आणि आमाचं घर

सोनईला, माझ्या गावी, परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "चहा आणला का?" आणलाय. दोन पुडे आणले होते. एक आत्यानं वाटून टाकला आणि दुसरा तसाच पडून आहे, कारण त्यात दूध घालायचं नसतं ही गोष्ट आमच्या घरात अजून कुणाच्या पचनी पडलेली नाही. पण आम्ही त्या डोंगरांत चहासाठी गेलोच नव्हतो. मी भांडायला गेले होते, आणि आत्या मला आवरायला.

अनुपा आणि मी नगरला सावेडीत एका खोलीत राहतो. ती एका खासगी दवाखान्यात नर्स आहे, मी एका साप्ताहिकात लिहिते. तिचं घर दार्जिलिंगच्या डोंगरात, कर्सियांगच्या खालच्या अंगाला, एका चहाच्या मळ्यात आहे. मळ्याचं नाव लिहीत नाही. आजूबाजूच्या मळ्यांतही हाच नियम आहे असं ऐकलं, मग एकाचंच नाव कशाला घ्यायचं? नियम असा: कामगाराचं घर मळ्याच्या मालकीचं. घरातला एक माणूस कायम कामावर आहे तोवर त्यात राहायचं. त्याचं वय झालं की त्याच्या जागी घरातल्याच दुसऱ्या कुणाचं नाव द्यायचं. नाव दिलं नाही, तर घर खाली करायचं.

अनुपाच्या आईचं, आमाचं, वय यंदा पूर्ण झालं. दसऱ्याची सुट्टी संपून मळ्याचं ऑफिस उघडलं की नाव द्यायचं होतं. अनुपाला वडील नाहीत, भावंडं नाहीत.

"मी माझं नाव देणार," कपडे बॅगेत भरता भरता ती म्हणाली.

"म्हणजे? नर्सिंग सोडून पानं खुडणार?"

"घर जाऊ द्यायचं का मग?"

त्या रात्री आमचं कडाक्याचं भांडण झालं. माझे वडील गावोगावच्या जयंत्यांना आणि मेळाव्यांना पुस्तिकांचा स्टॉल लावायचे. त्या पातळ, पिवळट पुस्तिकांवरच मी वाचायला शिकले. पिढीजात कामाला बांधून ठेवणारी जमीन किंवा घर म्हणजे काय, हे मला कुणी नव्यानं सांगायची गरज नव्हती. आमच्या पूर्वजांनी गावकीचं वतन लाथाडलं, म्हणून मी आज लिहिते. मी हे सगळं तिला सुनावलं. ती एवढंच म्हणाली, "ये माझ्याबरोबर. बघ. मग बोल."

आत्याला कळलं तेव्हा ती म्हणाली, "मी बी येते." कांताआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. अंगणवाडीतून निवृत्त झालेली आणि नवरा गेल्यापासून आमच्यातच राहणारी. दर दसऱ्याला ती धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरला जाते. "यंदा न्हाई गेले तरी चालंल," ती म्हणाली. "तू तिथं जाऊन त्या बाईच्या घरात भाषन ठोकशील. कोन तरी मोठं मानूस पायजे संगं."

सिलिगुडीहून वर

रेल्वेचं काही सांगत नाही. ती सगळीकडे सारखीच लांबते. खरा प्रवास सिलिगुडीच्या जीप-तळावर सुरू झाला. पूजेच्या सुट्टीत अर्धा बंगाल डोंगरावर जायला निघतो आणि त्याच वेळी दिल्ली-बंगळूरला कामाला गेलेली डोंगरातली पोरं दसऱ्यासाठी घरी निघतात. तिथे दसऱ्याला दसैं म्हणतात. तळावर बॅगा, टीव्हीची खोकी, कोंबड्यांच्या पाट्या, मफलरात गुंडाळलेली बंगाली मुलं (खाली घाम गळत असताना!) आणि सगळ्यांच्या वर ड्रायव्हरांची आरडाओरड. आमच्या नगर जिल्ह्यातल्या अकोल्याहून राजूरकडे जाणाऱ्या जीपमध्ये मी बसलेली आहे, त्यामुळे दाटीवाटीची तक्रार करणार नाही. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याचा रस्ता जसा गाड्यांनी तुंबतो, तसाच हाही तुंबला होता. फरक एवढाच, की इथे रस्त्याला लागून आगगाडीचे चिमुकले रूळ जातात आणि गाडी आली की दुकानदार फळीवरचा माल आत ओढून घेतात.

पहिल्या वळणांनंतर ड्रायव्हरनं मागे वळून आत्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी दिली. "दिदी, उलटी के लिए."

"अरे बाबा, मी जीपच्या टपावर बसून घाट चढलेली बाई हाय. तुझी पिशवी तुलाच ऱ्हाऊ दे."

ड्रायव्हरला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. तो हसला आणि पिशवी माझ्याकडे सरकवली. सांगायला लाज वाटते, पण ती मला लागली.

मळ्यात

चहाचा मळा फोटोत दिसतो तसा नसतो. फोटोत तो हिरव्या गालिच्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो एक भयंकर तिरका उतार असतो, आणि त्या उतारावर माणूस उभा कसा राहतो हाच पहिला प्रश्न पडतो. कमरेएवढी झुडपं एकमेकांना इतकी चिकटून, की मधून जाताना मांड्या ओरबाडल्या जातात. खाली दरीत धुकं हलत असतं. ते वर आलं की दहा हातांवरची बाई नाहीशी होते आणि फक्त पानं तुटल्याचा बारीक आवाज येत राहतो. धुकं गेलं की सगळा डोंगर धुऊन ठेवल्यासारखा. मी भंडारदऱ्याचा डोंगर पावसाळ्यानंतर पाहिलेला आहे आणि त्याच्याइतकं हिरवं काही नसतं अशी माझी समजूत होती. ती तिथे मोडली.

सुट्टी लागायच्या आधीचा तो कामाचा शेवटचा दिवस होता. आमा कामावर होती, म्हणून अनुपा आम्हाला थेट उतारावरच घेऊन गेली. लहानखुरी, गालांची हाडं वर आलेली, पायात गमबूट. पाठीवर बांबूची टोपली, आणि ती पेलणारा पट्टा डोक्यावरून घेतलेला. त्यामुळे दोन्ही हात मोकळे. ते हात इतके भरभर चालत, की दोन पानं आणि मधली कळी कधी तुटते ते दिसतच नसे. तिनं लेकीला बघितलं, हात न थांबवता हसली आणि आत्याला हिंदीत म्हणाली, "दिदी, पाय जपून. इथे जळवा आहेत." तोवर एक जळू माझ्या पोटरीवर चढून बसलीसुद्धा होती. मी केवढ्यानं तरी किंचाळले. आजूबाजूच्या साऱ्या बाया हसत सुटल्या. एकीनं येऊन चिमूटभर मीठ टाकलं आणि जळू गळून पडली. तिच्या कमरेला मिठाची पुरचुंडी होतीच. ही बाई म्हणजे सुषमा, अनुपाच्या चुलत्याची मुलगी.

आत्या मात्र झुडपांकडे बघत होती. "ह्ये एवढंच वाढतं व्हय गं?"

अनुपानं सांगितलं की नाही, सोडलं तर चहाचं चांगलं झाड होतं. छाटून छाटून कमरेएवढं ठेवतात, हाताला पान लागावं म्हणून.

"म्हंजी वाढूच देत न्हाईत," आत्या म्हणाली, आणि मी तिच्याकडे पाहिलं. हे वाक्य मी लिहायला हवं होतं.

वरच्या रस्त्यालगत पर्यटकांसाठी एक जागा केली होती. तिथे मळेवालीचे कपडे आणि टोपली भाड्यानं मिळत होती. माणसं ती चढवून, लाजत, फोटो काढून घेत होती. टोपल्या रिकाम्या, पट्टे गळ्यात. माझा संताप झाला. भातलावणीच्या वेळी अकोल्याच्या खाचरांत उतरून बायांबरोबर फोटो काढणारे लोक आठवले. मी काही बोलणार तेवढ्यात सुषमा माझ्या कानाशी म्हणाली, "पट्टा गळ्यात घालतात! असं चढलं तर वर पोचायच्या आधीच फास लागेल," आणि खुदकन हसली. तिला राग नव्हता. मला होता, अजून आहे. पण तिच्यामुळे मला हसूही आलं.

आमाचं घर

घर दोन खोल्यांचं, फळ्यांच्या भिंतींचं, वर पत्रा. भिंती पोपटी रंगवलेल्या. दारापुढे डालड्याच्या जुन्या डब्यांत झेंडू आणि ऑर्किड ओळीनं मांडलेले, इतके टवटवीत की मी आधी फुलांनाच नमस्कार करते की काय असं झालं. आत बुद्धाची तसबीर, पुढे लोण्याचा दिवा. मागे आमानं स्वतः बांधलेलं स्वयंपाकघर. तिथली फरशी तिनं घातलेली, न्हाणीघर तिनं केलेलं, वेल तिनं चढवलेला. मी हात लावून लावून बघत होते आणि मनात एकच येत होतं: यातलं काहीही हिचं नाही.

जेवायला डोंगरी नेच्याचे कोवळे कोंब परतून, मुळ्याची आंबवलेली सुकी भाजी आणि गरम भात. बरोबर गोल, लाल, टुमदार मिरची. मी आमच्या नगरी ठेच्याच्या घमेंडीत ती अख्खी चावली. पुढची पंधरा मिनिटं मी डोळे पुसत बाहेर बसले. आत्यानं मात्र टोक चाटून बघितलं, आणि बॅगेतून शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीची कडक झालेली भाकरी काढली. आमानं भाकरी तोडून चहात बुडवली. तो चहाही मळ्याचा उंची चहा नव्हे, कामगारांच्या वाट्याला येणारी भुकटी, दूध आणि साखर घालून उकळलेली. आत्याचा जीव भांड्यात पडला. "ह्यो खरा चा," ती म्हणाली. दोघींची भाषा वेगळी, मध्ये तोडकी हिंदी. तरी त्या संध्याकाळी त्या दोघी अंगणात बसून किती वेळ बोलत होत्या, कुणास ठाऊक.

नावाबद्दल कुणी काही बोललं नाही. अनुपानं मला आधीच बजावलं होतं: सणात हा विषय काढायचा नाही. दसऱ्याला वडीलधारे कपाळावर टीका लावतात, तोवर घरात वाद करायचा नसतो.

अष्टमी

सकाळी वस्तीच्या माथ्यावरच्या गुंफेत, म्हणजे त्यांच्या विहारात गेलो. अनुपाचे लोक तमांग जमातीचे, पिढ्यान्‌पिढ्या बौद्ध. आणि आम्हीही बौद्ध, पण आमचे पणजोबा विचार करून, ठरवून झालेले. माझ्या डोक्यात बुद्ध म्हणजे पुस्तिका, सभा आणि बावीस प्रतिज्ञा. इथे ढोल, शिंगं, रंगीत राक्षसांची चित्रं, फिरवायची चक्रं. मला ते पटलं नाही आणि ते मी तोंडावर दिसू दिलं असणार, कारण आत्यानं मला कोपरानं ढोसलं. मग ती पुढे झाली, हात जोडले आणि खणखणीत आवाजात त्रिसरण म्हटलं. कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या लामानं मान वर केली. तिसऱ्या ओळीला त्याचा आवाज तिच्यात मिसळला. उच्चार वेगळे, चाल वेगळी, शब्द तेच. संपल्यावर त्यानं तिला विचारलं, कुठून आलात? "सोनई," आत्या म्हणाली, जणू त्यानं ऐकलेलंच असणार.

बाहेर आलो तर धुकं फाटलं होतं. उत्तरेला कांचनजंगा. मी काही वर्णन करत नाही, ते करणारे पुष्कळ आहेत. आत्या बराच वेळ बघत राहिली. "मला वाटलं ढगच हाय," ती म्हणाली. "मग म्हन्लं, ढग एवढा एका जागी कसा ऱ्हाईल?"

दुपारी वस्तीत बोकड कापला. चार घरांनी मिळून घेतलेला, केळीच्या पानांवर वाटे घातलेले. आमच्याकडे आखाडात घालतात तसेच, कलेजीचा तुकडा प्रत्येक वाट्यात मोजून. इथलीही बायामाणसं वाट्यांकडे तशीच तिरक्या डोळ्यांनी बघत होती आणि "कुठलाही द्या" म्हणत मोठा कुठला ते हेरत होती. शेजारी पोरांनी उंच बांबूंचा झोका बांधला होता. दसैंत एकदा तरी पाय जमिनीवरून उचलायचे असतात म्हणे. सुषमानं आत्याला ओढून बसवलं आणि आत्या, साठी उलटलेली, लुगड्याचा ओचा मुठीत धरून, दरीवर झोके घेत ओरडत होती, "थांबव गं पोरी, न्हाईतर मी पार खाली बंगालात जाऊन पडन!"

झोक्याशीच मला सुषमाचं कळलं. ती भावाच्या दोन खोल्यांत सात माणसांत राहते. मळ्यावर ती कायम नाही. पान भरपूर असेल त्या दिवसांतच तिला बोलावतात, हिवाळ्यात घरी बसवतात. कायमच्या बायांना जे मिळतं त्यातलं तिला काही नाही. ही तिची तक्रार नव्हती. मी विचारलं म्हणून तिनं सांगितलं.

नवमी

मी विषय काढला. काढायचा नव्हता, तरी काढला.

चुलीपाशी आम्ही चौघी. अनुपा पीठ मळत होती आणि सहज म्हणाली की नगरहून सामान आणायला एकदाच जाऊन येईन. माझा तोल गेला. मी हिंदीत, जमेल तसं, आमाला सांगितलं: आमच्याकडेही असंच होतं. गावाची कामं करायची, त्याबद्दल तुकडाभर जमीन, आणि ती कामं बापानंतर मुलानं करायचीच. जमीन म्हणजे बक्षीस नव्हे, दावं. आमच्या लोकांनी ते तोडलं. तुमच्या मुलीला तुम्ही शिकवलंत, तिच्या हातात सुई आणि सलाईन आहे. तिच्या पाठीवर टोपली द्यायची? एका घरासाठी?

अनुपा लाल झाली. "शीतल, गप."

आमा मात्र रागावली नाही. तिनं जाळ पुढे सारला आणि विचारलं, "ज्या दिवशी तुमच्या लोकांनी ते काम सोडलं, त्या रात्री ते कुठे झोपले?"

माझ्या एकाही पुस्तिकेत ती रात्र नव्हती.

आत्या बोलली. मराठीतच, आणि अनुपा हळूहळू नेपाळीत सांगत गेली. "आमच्या आज्यानं काम सोडलं तव्हा गावानं लई तरास दिला. पान्याला जाऊ दिना, दुकानात मीठ दिना. आजा-आजी घरात दार लावून बसली. पर बाई, घर हुतं. कुडाचं, पर आमचं. कोनी यिऊन उठ म्हन्लं न्हाई." ती थांबली. "तुमच्यासारखं असतं तर आजा काय करता, मला ठावं न्हाई. ह्या पोरीला बी ठावं न्हाई. तोंड तेवढं हाय तिला."

आमा हसली. झोपताना अनुपा माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "उद्या टीक्याच्या वेळी मी सांगणार आहे. तू मध्ये पडू नकोस."

दसरा

टीका म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तांदूळ दह्यात कालवतात. वडीलधारं माणूस त्याचा जाड गोळा धाकट्याच्या कपाळावर लावतं, कानामागे जवाचे पिवळे अंकुर खोवतं आणि आशीर्वाद देतं. आपल्याकडे घटातलं उगवलेलं धान टोपीत खोवतात, अगदी तसेच ते अंकुर. बहुतेक घरांत तांदूळ लाल रंगवतात. आमाच्या घरात पांढरे. इथल्या अनेक बौद्ध घरांनी लाल रंग सोडला. लढाईच्या आणि बळीच्या देवीशी आपला संबंध नाही म्हणून. काहींनी सणच सोडला. मी आमाला विचारलं, तुम्ही का नाही सोडला? ती म्हणाली, "रंग नको होता, तो टाकला. वर्षातून एकदा मुलं घरी येतात, ते का टाकू?"

वडीलधाऱ्यानं धाकट्याला लावायचं. आम्ही साऱ्या ओळीनं बसलो: अनुपा, मी, दाराशी सुषमा; आत्या बाजूला. आमानं ताट आणलं, आणि बसायच्या ऐवजी ते आत्यापुढे ठेवून स्वतः तिच्यासमोर मांडी घातली.

"दिदी, तुम्ही मोठ्या."

आत्या गोंधळली. गावात हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नाही. आम्ही ते सण करत नाही हे खरं, पण केले असते तरी विधवेच्या हाताला कुणी कपाळ दिलं नसतं. इथे एक परकी बाई, स्वतःही विधवा, डोळे मिटून कपाळ पुढे करून बसली होती. मी टीका घ्यायचा की नाही यावर आदल्या रात्री विचार केला होता. आत्यानं द्यायचा, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

तिनं तांदूळ उचलले. आमाच्या कपाळावर लावले आणि म्हणाली, "लेकराबाळांत ऱ्हा, बाई. एकटी नगं ऱ्हाऊ."

अनुपानं अर्थ सांगितला. आमानं डोळे उघडले, आत्याकडे पाहिलं, आणि ताट आपल्याकडे ओढलं.

अनुपा पुढे सरकली. तिनं तोंड उघडलं होतं, पहिला शब्द ओठांवर होता. आमानं तिच्या कपाळावर तांदळाचा गोळा दाबला आणि तिच्या आधी बोलली. सावकाश, सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत: "तू जिथे आहेस तिथेच मोठी हो. लोकांना बरं कर. तुझ्या पाठीवर माझी टोपली कधी न येवो."

अनुपा गोठली. ओल्या टीक्यापुढे वाद करता येत नाही. वडीलधाऱ्याचा आशीर्वाद ऐकून घ्यायचा, परत करायचा नाही. ती नुसती "आमा... आमा, घर..." म्हणाली.

"सुषमा," आमानं हाक मारली. सुषमा दारापासून उठून आली. आमानं तिला टीका लावला, अंकुर खोवले. "माझ्या जागेवर तू. या घरात तू ये, आणि मला ठेवून घे."

मळ्याच्या रिवाजात नाव घरातल्याचंच लागतं. पण पुतणी घरातली की नाही, ते नाव देणारी बाई ठरवते. हे अनुपाला माहीत होतं, पण आई तसं करेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. सुषमा रडायला लागली. अनुपा उठून मागच्या स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागे गेले. ती भिंतीला टेकून उभी होती, कपाळावरचे तांदूळ नाकावर ओघळत होते.

"तुला हेच हवं होतं ना?" ती म्हणाली. "जिंकलीस."

मला तसं वाटलं नाही. मी तिच्या सुटकेबद्दल बोलत होते, आणि त्या सुटकेत तिला आईच्या घरात पाहुणी म्हणून यावं लागेल हे मी धरलंच नव्हतं. आणि तरी मी म्हणेन: नियम वाईटच आहे. माणसानं ज्या भिंती उभ्या केल्या त्या त्याच्या नावावर असल्या पाहिजेत. नाहीतर उद्या सुषमाला मुलगी झाली, तर तिच्यापुढे हाच प्रश्न हेच तोंड घेऊन उभा राहील. पण त्या नियमाच्या आत राहून एका बाईनं एकाच दिवशी लेकीला सोडवलं, पुतणीला कायम केलं आणि स्वतःला एकटं पडू दिलं नाही. हे कुणाला जमतं?

मी परत आत गेले तेव्हा आमा माझी वाट बघत ताट घेऊन बसली होती. मी कपाळ पुढे केलं.

ऑफिस उघडलं त्या दिवशी

सकाळी आमा आणि सुषमा खाली ऑफिसात गेल्या. अनुपा जाणार नाही म्हणाली. तिनं दिवसभर डब्यांतली फुलं नीट केली, वेल बांधला, न्हाणीघर घासलं. सुषमाचं सामान एका टोपलीत आणि एका पेटीत मावलं. ते तिच्या भावानं आणून पुढच्या खोलीत ठेवलं होतं. आत्या आत गोधडीच्या घड्या घालत होती, कारण दुसऱ्या दिवशी आम्हाला निघायचं होतं.

दुपारी दोघी उताराच्या पायवाटेनं वर येताना दिसल्या. सुषमा पुढे, आमा मागे. काम झालं होतं, ते त्यांच्या चालण्यावरूनच कळलं. सुषमा अंगणात येऊन बाजूला झाली, आमाला आधी जाऊ द्यावं म्हणून. आमा पुढे आली आणि दारात थांबली. पोपटी चौकटीवर हात ठेवला, सुषमाकडे वळली आणि हसत, अगदी थट्टेनं म्हणाली, "आत येऊ का?"

सुषमा पांढरीफटक पडली. तिला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. अनुपा हातात दोरी घेऊन तशीच उभी. आमाचं हसू ओठांवरच राहिलं, आणि मला दिसलं की ती खरंच थांबली आहे. पाऊल उचलत नाही. आपल्याच दारात तिला कुणीतरी आत बोलवायला हवं होतं आणि त्या अंगणात कुणालाच ते जमत नव्हतं.

आतून आत्याचा आवाज आला. तिला बाहेरचं काही ठाऊक नव्हतं. दारात सावली पडलेली तेवढी तिनं पाहिली होती.

"या की, बाई, आत या! दारात काय उभ्या ऱ्हायल्या परक्यावानी?"

आमाला मराठीतलं अक्षर कळत नाही. ती आत गेली.